‘परका’ कोणाला म्हणायचे? एका शब्दाचा दोन हजार वर्षांचा युरोपप्रवास

#इतिहास #शब्दकथा #थ्रेड

१/
युरोपच्या नकाशावर तीन ठिकाणे शोधावीत. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स, बेल्जियमच्या दक्षिण भागात वालोनिया आणि थेट आग्नेयेला, आजच्या रुमानियात, वालाखिया. या तिघांच्या भाषा वेगळ्या, धर्मपंथ वेगळे, राजकीय इतिहासही वेगळा. तरीही तिन्ही नावे एकाच शब्दापासून निघाली आहेत आणि त्या शब्दाचा अर्थ होता ‘परका’.

२/
हा शब्द एवढ्यावर थांबत नाही. पोलिश भाषेतले इटलीचे नाव, इंग्रजीतला अक्रोडासाठीचा ‘वॉलनट’ हा शब्द, फ्रेंचांनी आपल्या प्राचीन भूमीला दिलेले ‘गोल’ हे नाव आणि स्कॉटलंडचा राष्ट्रवीर विल्यम वॉलेस याचे आडनाव, ही सारी त्याच कुळातली. एखाद्या समूहाला ‘परका’ ठरवणारा शब्द पुढे कायद्यात, बाजारात, स्वयंपाकघरात आणि राजकारणात कसा वावरतो, याचा हा इतिहास आहे.

३/
सुरुवात ज्युलियस सीझरपासून करू. गॉल प्रांतातील युद्धांच्या वृत्तान्ताच्या सहाव्या भागात त्याने ‘वोल्काय’ नावाच्या केल्टिक टोळीचा उल्लेख केला आहे. ऱ्हाइनपलीकडच्या हर्सिनियन अरण्याभोवतीची सुपीक जमीन या टोळीच्या एका शाखेकडे होती, असे तो सांगतो. जर्मानिक भाषा बोलणाऱ्या टोळ्यांचे हे अगदी शेजारी. शेजाऱ्याचे हेच नाव जर्मानिक लोकांच्या तोंडी ‘वाल्हाझ’ झाले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

४/
‘वाल्हाझ’ हे रूप कोणत्याही शिलालेखात जसेच्या तसे सापडत नाही. नंतरच्या भाषांतील रूपांची तुलना करून ते सिद्ध केले आहे. त्यासाठीचा आधार भक्कम आहे. जर्मानिक भाषांत फार पूर्वी काही ध्वनी नियमाने बदलले. जुना ‘क’ हा ‘ह’ झाला आणि ‘ओ’चा ‘आ’ झाला. ‘वोल्क’चे ‘वाल्ह’ नेमके याच नियमांनी होते. म्हणजे हा शब्द ते ध्वनिबदल होण्याआधीच जर्मानिक भाषेत शिरला होता.

५/
शेजारच्या एका टोळीचे नाव सगळ्या परक्यांना लागावे, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये. ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियातील ग्रीकांचा. कार्ल्याच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. पुढे हाच शब्द पश्चिमेकडून आलेल्या इतरांना आणि नंतर मुसलमानांनाही लावला गेला. ‘फिरंगी’ची वाटही तशीच. तो मूळचा ‘फ्रँक’ या टोळीच्या नावातून आला आणि अखेर सर्वच युरोपीयांना चिकटला.

६/
‘वाल्हाझ’चा अर्थही असाच सरकला. आधी तो केल्टिक लोकांना उद्देशून होता. मग रोमने गॉल जिंकले आणि तिथले केल्ट हळूहळू लॅटिन बोलू लागले. शेजारी तेच राहिले, भाषा बदलली. शब्दही त्यांच्याबरोबर गेला आणि लॅटिनभाषकांना लागू झाला. मात्र एक मर्यादा कायम राहिली. जर्मानिक लोकांनी आपल्या पूर्वेकडच्या स्लाव्ह शेजाऱ्यांना हा शब्द लावला नाही. त्यांच्यासाठी ‘वेंड’ हे नाव निराळे होते. ‘वाल्हाझ’ म्हणजे कोणीही परका नव्हे. रोमच्या छायेत राहणारा, केल्टिक किंवा लॅटिन बोलणारा परका, एवढाच त्याचा नेमका अर्थ.

७/
ही मर्यादा ज्यांनी आवर्जून दाखवून दिली त्यांपैकी एक अभ्यासक जगाला कादंबरीकार म्हणून ठाऊक आहे. जे. आर. आर. टॉल्किन हे व्यवसायाने ऑक्सफर्डमधील भाषाशास्त्राचे प्राध्यापक. १९५५ मध्ये ‘इंग्रजी आणि वेल्श’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी याच शब्दाचा माग काढला होता.

८/
आता ब्रिटनमध्ये जाऊ. पाचव्या शतकाच्या आरंभी रोमची सत्ता बेटावरून उठली आणि पुढच्या काळात समुद्रापलीकडून अँगल, सॅक्सन वगैरे जर्मानिक लोक येऊन स्थिरावले. आधीपासून राहणाऱ्या ब्रिटन लोकांना त्यांनी आपल्या भाषेत ‘वेआल्ह’, अनेकवचनी ‘वेआलास’ म्हटले. यातूनच ‘वेल्स’ आले. कॉर्नवॉलच्या शेवटी तेच आहे. लंडनमधील वॉलवर्थ या भागाच्या नावातही तो शब्द शिल्लक आहे. बाहेरून आलेल्यांनी मूळच्या रहिवाशांना ‘परके’ ठरवले, आणि नकाशावर ते नाव पक्के झाले.

९/
हे केवळ बोलण्यापुरते नव्हते. वेसेक्सचा राजा इने (राज्यकाळ ६८८ ते ७२६) याची कायदेसंहिता उपलब्ध आहे. त्या काळी माणूस मारला गेला तर मारेकऱ्याने मृताच्या नातलगांना ठरावीक भरपाई द्यावी लागे, आणि तिची रक्कम मृताच्या दर्जावर ठरे. सामान्य स्वतंत्र इंग्रज शेतकऱ्याची भरपाई २०० शिलिंग. एका कुटुंबाच्या निर्वाहाइतकी जमीन असलेल्या वेआल्हची १२० शिलिंग. त्याच्या निम्मी जमीन असेल तर ८०. भूमिहीन वेआल्हची फक्त ६०.

१०/
याच संहितेत एक अपवाद आहे. राजाचे निरोप पोहोचवू शकणारा घोडेस्वार वेआल्ह असेल तर त्याची किंमत २०० शिलिंग, म्हणजे इंग्रज शेतकऱ्याइतकी. राजाच्या उपयोगाला आलेला परका बरोबरीचा ठरला, बाकीचे नाहीत. पुढे या शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटला. दहाव्या शतकातील एक्सटर हस्तलिखितात जी कूटे आहेत त्यांत काळ्या केसांची ‘वेआल्ह’ दासी दिसते. तोवर वंश आणि दर्जा यांतला फरक शब्दातून पुसट झाला होता.

११/
प्रत्यक्ष जीवनात मात्र सीमारेषा इतकी स्वच्छ नव्हती. इनेच्या आधी वेसेक्सच्या गादीवर असलेल्या राजाचे नाव कॅडवाला. ६८८ मध्ये राज्यत्याग करून तो रोमला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला. हे नाव इंग्रजी नाही. ते ब्रिटन लोकांतील ‘कॅडवालॉन’ या नावाचे रूप आहे. ज्या घराण्याच्या कायद्याने वेआल्हचा जीव स्वस्त ठरवला, त्याच घराण्यातील राजा वेआल्हचे नाव मिरवत होता.

१२/
जुन्या इंग्रजीत याच शब्दापासून आणखी एक शब्द झाला, ‘वेआल्हस्टोड’. त्याचा अर्थ दुभाष्या. परक्याची भाषा जाणणारा तो दुभाष्या, असे हे नाते. ७३१ मध्ये आपला इतिहासग्रंथ पूर्ण करणाऱ्या बीड या संन्याशाने सेव्हर्न नदीपलीकडच्या लोकांच्या बिशपचा उल्लेख केला आहे. त्या बिशपचे नावच ‘वाल्खस्टोड’ होते. गुलाम आणि दुभाष्या हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून निघाले. सरहद्दीवर हुकूम चालत होता आणि संवादही होत होता.

१३/
ज्यांना हे नाव दिले गेले ते स्वतःला काय म्हणत? ‘कुम्री’. जुन्या ब्रिटॉनिक भाषेतील ‘कोम-ब्रोगी’ या शब्दाचे हे रूप. अर्थ ‘एकाच देशीचे लोक’, म्हणजे आपले देशबांधव. लोकांचे नाव आणि देशाचे नाव लिहिताना शेवटचे अक्षर बदलते, उच्चार मात्र एकच. उत्तर इंग्लंडमधील कंब्रिया या प्रदेशाच्या नावातही तेच मूळ आहे. इंग्रजांना ते आजही ‘साइसॉन’, म्हणजे सॅक्सन, म्हणतात. एकाच लोकसमूहाला शेजारी ‘परके’ म्हणत होते आणि ते स्वतःला ‘आपण सारे देशबांधव’ म्हणत होते.

१४/
आडनावांत हा शब्द दूरवर पसरला. आयर्लंडमधील ‘वॉल्श’ म्हणजे वेल्सकडून आलेला. नॉर्मन उच्चारातले त्याचे रूप ‘वॉलेस’. इंग्लंडविरुद्ध लढलेल्या आणि १३०५ मध्ये लंडनमध्ये मृत्युदंड भोगलेल्या विल्यम वॉलेसचे आडनाव हे असे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचे प्रतीक ठरलेल्या पुरुषाच्या आडनावाचा अर्थ ‘परका’ किंवा ‘ब्रिटन’ असा निघतो.

१५/
फ्रेंचमधील उदाहरण अधिक चकवणारे आहे. ‘गोल’ हा फ्रेंच शब्द लॅटिन ‘गॅलिया’पासून आला असेल, असे कोणालाही वाटेल. पण फ्रेंचच्या ध्वनिनियमांनुसार ‘गॅलिया’चे तसे रूप होत नाही. उलट जर्मानिक ‘व’ फ्रेंचमध्ये नियमितपणे ‘ग’ होतो; इंग्रजी ‘वॉर’ आणि फ्रेंच ‘गेर’ ही जोडी पाहावी. म्हणून ‘गोल’ हा फ्रँक टोळीच्या ‘वाल्ह’चाच अवतार मानला जातो. वेल्सला फ्रेंच ‘गाल’ म्हणतात तेही याच वाटेने. फ्रेंचांच्या पूर्वजभूमीचे फ्रेंच नाव म्हणजे जिंकणाऱ्यांनी उच्चारलेला ‘परक्यांचा मुलूख’.

१६/
बाजारात या शब्दाची आठवण अक्रोडाने जपली. उत्तरेकडच्या जर्मानिक लोकांना ओळखीचे फळ हेझलनट. दक्षिणेकडून, रोमन मुलखातून आलेले मोठे कवचाचे फळ म्हणून अक्रोड ‘परक्यांचे फळ’ ठरले. इंग्रजी ‘वॉलनट’, जर्मन ‘वालनुस’, डच ‘वालनोट’ ही सारी त्याच अर्थाची. अमेरिकेतून मका आला तेव्हा जर्मन भाषकांनी काही ठिकाणी त्यालाही ‘वेल्शकोर्न’ म्हटले. वस्तू कुठूनही येवो, परकेपणाला जुनेच नाव तयार होते.

१७/
जर्मन भाषेत ‘वेल्श’ म्हणजे इटालियन, फ्रेंच किंवा एकूणच लॅटिनकुळातील. स्वित्झर्लंडमधील जर्मनभाषक आपल्या फ्रेंचभाषक देशबांधवांना आजही ‘वेल्श’ म्हणतात आणि त्यात सहसा अवमान नसतो. मात्र ‘काउडरवेल्श’ म्हणजे अगम्य बडबड आणि ‘रोटवेल्श’ म्हणजे भटक्यांची व चोरांची सांकेतिक बोली. आपल्याला न समजणारी भाषा ही भाषाच नव्हे, हा समज या शब्दांत साठला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन राष्ट्रवाद चढला तेव्हा फ्रेंचांविरुद्धच्या लेखनात ‘वेल्श’ ही उघड शिवीच झाली.

१८/
बेल्जियममध्ये डचभाषक शेजारी फ्रेंचभाषकांना ‘वालेन’ म्हणत. इथे एक वेगळी गोष्ट घडली. वालून लोकांनी हे नाव आपले म्हणून स्वीकारले आणि अभिमानाने वापरले. तरी शब्दातली धार गेली नव्हती. फ्लँडर्समधील लुव्हेन विद्यापीठात फ्रेंचभाषक विभाग असावा की नसावा, या वादात ‘वालेन बाउटन’, म्हणजे ‘वालून लोकांनो, बाहेर व्हा’, ही घोषणा घुमली. १९६८ मध्ये या प्रश्नावर सरकार पडले आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. ग्रंथालयाचीही वाटणी झाली. विषम क्रमांकाची पुस्तके एकीकडे, सम क्रमांकाची दुसरीकडे.

१९/
जर्मानिक लोकांकडून हा शब्द स्लाव्ह भाषांनी उचलला. तिथे त्याचे ‘व्लाख’ झाले आणि अर्थ राहिला लॅटिनकुळातील भाषा बोलणारा. पोलंडमध्ये तो इटालियन माणसाला लागला. म्हणून जगाची इटली पोलिश भाषेत ‘व्वोखी’ आहे. सूपसाठी लागणाऱ्या गाजर, सेलरी, लीक इत्यादी भाज्यांच्या जुडीला पोलिशमध्ये ‘व्वोश्चिझ्ना’, म्हणजे ‘इटालियन जिन्नस’, म्हणतात. इटलीतून येऊन १५१८ मध्ये पोलंडची राणी झालेल्या बोना स्फोर्झाशी लोकपरंपरा या नावाचा संबंध जोडते.

२०/
हंगेरियन भाषेने हाच शब्द स्लाव्हांकडून दोनदा घेतला. अनेकवचनी रूपावरून ‘ओलास’ झाले आणि त्याचा अर्थ इटालियन. एकवचनी रूपावरून ‘ओलाह’ झाले आणि त्याचा अर्थ रुमानियन. मूळ एकच, पण एक नाव दूरच्या श्रीमंत नगरांचे आणि दुसरे शेजारच्या गरीब मेंढपाळांचे. दोघांची सामाजिक किंमत सारखी राहिली नाही.

२१/
बाल्कन प्रदेशात ‘व्लाख’ हे वंशाबरोबरच व्यवसायाचेही नाव झाले. डोंगरांत मेंढ्या चारणारा, तांड्याने फिरणारा तो व्लाख. बायझंटाइन इतिहासकारांच्या नोंदीत ९७६ च्या सुमारास वाटेवरच्या व्लाखांनी बल्गेरियन राजकुटुंबातील डेव्हिड याला मारल्याचा उल्लेख येतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी सर्बियाचा राजा मिलुटिन याने बान्यस्का मठाला दिलेल्या सनदेत तर सर्बांनी व्लाखांत लग्न करू नये, असा निर्बंधच आहे. ग्रीकमध्ये ‘व्लाहोस’ म्हणजे अडाणी गावंढळ, हा अर्थ आजही चालतो.

२२/
पुढे तर शब्द भाषेपासूनही सुटला. हॅब्सबर्ग सम्राट फर्डिनांड दुसरा याने १६३० मध्ये तुर्की सरहद्दीवर वसलेल्या सैनिक-शेतकऱ्यांना हक्क दिले. त्या सनदेला ‘व्लाखांची सनद’ म्हणतात. पण ते लोक बहुतांशी स्लाव्ह भाषा बोलणारे ऑर्थोडॉक्स होते. क्रोएशियात पुढे ऑर्थोडॉक्स सर्बांना हिणवण्यासाठी हाच शब्द वापरला गेला, तर डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचे लोक डोंगरामागच्या सर्वांनाच तसे म्हणत. प्रत्येकाचा ‘परका’ निराळा होता, शब्द तेवढा एक.

२३/
आता वालाखिया. डॅन्यूबच्या उत्तरेच्या या राज्याला बाहेरचे लोक व्लाखांचा देश म्हणत. तिथले लोक मात्र स्वतःला ‘रुमान’, म्हणजे रोमन, म्हणत. रुमानियन भाषेतील तारखेचा सर्वांत जुना उपलब्ध लेख म्हणजे १५२१ मधील एक पत्र. किम्पुलुंगच्या न्याक्शू नावाच्या गृहस्थाने ब्राशोवच्या नगरप्रमुखाला तुर्कांच्या हालचालींची खबर त्यात दिली आहे. पत्रात देशाचे नाव ‘त्सारा रुमानियास्का’, म्हणजे रुमानांचा देश, असे येते. वालाखिया हे नाव त्यात नाही.

२४/
दैवदुर्विलास असा की त्यांचे स्वतःचे नावही घसरले. वालाखियात जमिनीला बांधलेल्या वेठबिगार कुळाला ‘रुमान’ म्हणू लागले. शेतकरी रुमान आणि रुमान म्हणजे बांधील, असे समीकरण झाले. १७४६ मध्ये राजा कॉन्स्टंटिन माव्रोकोर्दाट याने ही बांधिलकी कायद्याने रद्द केली. इंग्लंडमध्ये परक्याने दिलेले नाव ‘गुलाम’ झाले होते. इथे स्वतः घेतलेल्या नावाचीही तीच गत झाली. म्हणजे खोट केवळ शब्दात नव्हती. ज्याची जमीन गेली, त्याचे कोणतेही नाव हीनच ठरत होते.

२५/
शेजारच्या ट्रान्सिल्व्हेनियात रुमानियन लोकसंख्येने मोठे, पण मान्यताप्राप्त तीन ‘राष्ट्रां’त त्यांना स्थान नव्हते. १७९१ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांनी सम्राट लिओपोल्ड दुसरा याच्याकडे समान हक्कांसाठी विनंतीअर्ज केला. इतिहासात तो ‘सुप्लेक्स लिबेलुस वालाखोरुम’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे व्लाखांची विनवणी. हक्क मागतानासुद्धा नाव इतरांनी दिलेलेच वापरले गेले. ट्रान्सिल्व्हेनियाच्या प्रतिनिधिसभेने अर्ज फेटाळला.

२६/
आता ही सारी नावे नकाशावर पुन्हा एका ओळीत पाहावीत. वेल्स, कॉर्नवॉल, वालोनिया, स्वित्झर्लंडमधील वालेनझे सरोवर, इटलीसाठी पोलिश नाव, वालाखिया. जर्मानिक आणि स्लाव्ह भाषकांनी जिथे जिथे रोमन जगाच्या काठावर पाऊल ठेवले, तिथे तिथे हा शब्द पडलेला आहे. वेल्श आणि रुमानियन लोकांत दुसरे काहीही समान नसेल. समान आहे ती त्यांच्याकडे पाहणाऱ्याची जागा. म्हणून हा शब्द ज्यांना लावला त्यांच्याबद्दल फार थोडे सांगतो. बोलणारा कुठे उभा होता, हे मात्र तो अचूक सांगतो.

२७/
आणि नावे परत घेताही येतात. मोल्डेव्हिया व वालाखिया यांच्या एकत्र राज्याने १८६२ मध्ये ‘रुमानिया’ हे नाव घेतले आणि १८६६ च्या राज्यघटनेने ते पक्के केले. ज्या शब्दाचा अर्थ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेठबिगार होता, तो देशाचे नाव झाला.

२८/
वेल्समध्ये ही वाट अधिक लांबली. १५३६ च्या कायद्याने तिथल्या न्यायालयांत इंग्रजी सक्तीची झाली आणि फक्त वेल्श जाणणाऱ्याला सरकारी पद मिळणे बंद झाले. वेल्श भाषेला वेल्समध्ये कायदेशीर अधिकृत दर्जा मिळायला २०११ उजाडले. २०२३ मध्ये ‘ब्रेकन बीकन्स’ या राष्ट्रीय उद्यानाने ‘बॅनाय ब्रेखाइनिओग’ हे आपले वेल्श नावच यापुढे वापरायचे ठरवले.

२९/
इनेच्या संहितेत ज्या माणसाची किंमत ६० शिलिंग लिहिली गेली, तो त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आला होता. कागदावर तो ‘परका’ झाला, कारण कागद लिहिणारे दुसरे होते. जुन्या दस्तऐवजात एखाद्या समूहाचे नाव वाचताना म्हणूनच दोन प्रश्न सोबत ठेवावेत. हे नाव कोणी दिले? आणि त्या लोकांचे स्वतःसाठीचे नाव काय होते? वेल्सच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजही तेच आहे. कुम्री, आपले देशबांधव.

(समाप्त)